अलाउड

नमीला निगवेकर बाईंनी शब्द दिलाय घरला:
अलाउड. वाक्यात उपयोग करा.
वही घिऊन पुढ्यात बसली माझ्या.
मी येणी घालत हुतो, तीन पदरी,
वादी भिजलेली, बोटं पिवळी.

म्हटलं, ह्यो मला येतोय की.
तुझ्या शाळंत कॉम्प्युटरच्या खोलीवर पाटी हाय,
चप्पल नॉट अलाउड.
पालक सभेला गेलतो तवा शिपायाकडनं वाचून घेतलेली,
आन् माझ्याच हातची येणी
दाराबाहेर उन्हात काढून ठेवलेली.
आत बाईंना म्हणालो, मी आलो.
बाई म्हणाल्या, आलो नाही, आले म्हणा.
सुभाषनगरात जलमल्यापासनं आलोच म्हणतोय.
मग सभा सरपतुर कायच म्हणालो न्हाई.

नमी हसली. आई, त्यो अलाउड परवानगीचा.
ह्यो आवाजाचा.
लिवायला दोन, बोलायला एक.

बरं केलंया इंग्रजांनी, म्हटलं,
तोंड उघडायचं आन् परवानगी
एकाच आवाजात ठेवली,
ऐकणाऱ्यानं काय ऐकायचं ते ऐकू दे.

मग ह्यो अलाउड म्हंजे मोठ्यानं?

न्हाई गं. मोठ्यानं म्हंजे लाउडली.
अलाउड म्हंजे मनातल्या मनात न्हवं.
ऐकू जाईल असं.

वादी हातात तशीच ऱ्हायली.

तिचा बा तळात इंचू घालतोय.
गिऱ्हाईक म्हणतं, आवाज पायजे,
गल्लीच्या टोकाला कळाय पायजे कोण येतंय.
कर्र कर्र करत जात्यात आमची जोडं
रंकाळ्याच्या कडंनं, गंगावेशीत दूध प्याला,
कुणाच्या कुणाच्या लग्नाला.
म्हटलं, लिही,
चप्पल बोलती. अलाउड.

लिवलं तिनं.
दुसऱ्या दिवशी लाल शाईत आलं:
चप्पल बोलत नाही.

शनवारी चप्पल लाईनला गेलो, पोतं घिऊन.
चाळीस जोडांच्या येण्या.
जोडामागं बारा रुपये, तीन वर्सं झाली बाराच.
शेवंताक्का बारा घेती, तिची सून बारा घेती.
दर शनवारी पायरी चढताना मी म्हणतो, वीस.
पायरीवर म्हणतो, पोतं सोडताना म्हणतो,
पैसं मोजताना बी म्हणतो,
आन् दुकानात कुणालाच ठावं न्हाई
की तीन वर्सं मी वीस म्हणतोय.

आत गोव्याची दोन गिऱ्हाईकं
आरशापुढं पाय फिरवून बघत हुती.
भाईर टेम्पो रिव्हर्स घेत हुता.
बाबूशेठनं आकडा मारला, चारशे ऐंशी.

मी म्हणालो, वीस.

वराडलो न्हाई.
टेम्पो माझ्यापेक्षा जोरात हुता.
त्या गोव्याच्या बाईनं मान बी वळवली न्हाई.
शेठचं पेन तेवढं थांबलं.

काय?

त्येला ऐकू आलं हुतं.
ऐकू आल्याबिगर माणूस काय म्हणत न्हाई.

म्हणालो, जोडामागं वीस.
पोत्यावरचा हात काडला न्हाई.
लई येळ गेला. गोव्याचं गिऱ्हाईक सात नंबर मागाय लागलं.
सात नंबर माझ्या पोत्यात, येणी गाठायची ऱ्हायलेली.

पंधरावर आला.
शेवंताक्काला सांगू नको म्हणाला.
केएमटीतनं उतरल्या उतरल्या
पयलं तिच्याच दारात गेलो.

रातच्याला नमीला म्हटलं, वही आण, वाक्य हाय.
आई सेड ट्वेन्टी अलाउड.
तिनं लिवलं, दोनदा वाचलं,
मोठ्यानं कशाला, मला ऐकू येईल एवढंच.

बाईंनी बरोबरची खूण केलीया आवंदा,
खाली बारीक अक्षरात इचारलंय, ट्वेन्टी काय?

नमी म्हणती, खरं लिवू? पंधराच दिलं न्हवं त्येनं?

म्हटलं, त्येनं पंधरा दिलं.
मी म्हणालो ते वीस हाय.
वहीत वीसच ठेव.